ट्रॉटर टेकडीवरील निळ्या खुर्चीची मोहीम

तीन नद्यांचे पाणी आणि समस्त टेकड्यांच्या पायऱ्या साक्ष ठेवून ही हकीकत लिहिली असे. पिट्सबर्ग शहरी, ट्रॉटर टेकडीवरील सनदी शाळेस सहावी, सातवी आणि आठवी हे तीन वर्ग कैसे प्राप्त जाहले, याविषयी लोक नाना तऱ्हेच्या गप्पा ठोकितात. कोणी म्हणतो पिवळ्या सदऱ्यांनी फत्ते केली, कोणी म्हणतो भाषणांनी केली, आणि कॅलिफोर्नियाहून आलेला प्रेस्टन कित्येक दिवस ती आपणच केली म्हणोन सांगत फिरत होता. ते सर्व झूट. जे साधले ते एका खुर्चीने साधले, आणि जे बिघडले होते तेही त्याच खुर्चीपायी बिघडले होते. सबब पदरचे तिखटमीठ न घालिता, आणि घातलेच तर बेताने घालून, साद्यंत वर्तमान पुढे मांडिले आहे, ते थोरांनी गोड करून घ्यावे.

ऐसियास, सनदी शाळा म्हणजे काय, तर पैसा सरकारचा, फी कोणास नाही, दार सर्वांस खुले, परंतु कारभार ज्या शाळेचा त्या शाळेपाशी. आणि ही सनद शहराच्या नऊ शिक्षण-पंचांनी द्यावी, वाढवावी अथवा काढून घ्यावी. ट्रॉटर टेकडीच्या शाळेस सनद पाचवीपर्यंतच होती. पाचवी सरली की पोरांनी दोन बस बदलून, नदी ओलांडून, पलीकडल्या थोरल्या शाळेत जावे ऐसा शिरस्ता. आणि इकडे टेकडीच्या माथ्यावर जुन्या सरकारी शाळेची विटांची इमारत कित्येक वर्षे कुलूपबंद, खिडक्यांस फळ्या ठोकलेली, कबुतरांच्या अंमलाखाली पडून होती. मग शाळेने मनसुबा केला की ही इमारत मागावी आणि तीत वरचे तीन वर्ग भरवावे, आणि अर्ज गुदरला. पंचांनी उत्तर पाठविले की टेकडीवरील रयतेची मर्जी काय आहे ती सुनावणीत येऊन दाखवा, मग पाहू.

या मोहिमेचे सेनापतिपद राजमान्य राजश्री रोझॅनबाई व्राबेल यांजकडे आले. बाई किराणा दुकानी मांसाच्या काउंटरवर असत, आणि हॅम इतके पातळ कापीत की त्यातून पलीकडले गिऱ्हाईक दिसावे. आणि जिभेसही धार त्याच यंत्राची होती. बाईंची एकुलती कन्या टेसा, वय दहा, पाचवीत शिकत होती. ही पोर पूर्वी दुसऱ्या एका थोरल्या शाळेत असता रोज सकाळी पोट धरून बसे, न्याहारीस शिवत नसे. डॉक्टरांस दाखविले, तपासण्या जाहल्या, पोटात काहीच निघाले नाही. आणि टेकडीवरल्या शाळेत आली तशी ते दुखणे आपोआप राहिले, आणि मग पोर दोन वाडगे कॉर्नफ्लेक्स फस्त करून पायऱ्या उतरत पळू लागली. आता पाचवी सरत आली, आणि फेब्रुवारीतल्या एके सकाळी टेसाने वाडगा बाजूस सारिला.

"पोट दुखतंय."

"काल अरबटचरबट काय खाल्लंस?"

"काही नाही गं. आई, त्या नदीपलीकडच्या शाळेत जेवायच्या हॉलमध्ये किती मुलं असतात एका वेळी?"

वाडगा तसाच राहिला, कॉर्नफ्लेक्स दुधात गिळगिळीत जाहले, आणि बाईंनी तेथेच स्वयंपाकघरात उभ्या उभ्या शपथ वाहिली की पोर नदी ओलांडणार नाही.

शाळेच्या कारभाऱ्यांनी कुमक म्हणोन प्रेस्टन नामे तरुण मुत्सद्दी धाडिला. हा लोकांत उत्साह कैसा उत्पन्न करावा याचे शिक्षण घेऊन आलेला, दात पांढरेशुभ्र, उमेद अफाट, आणि जन्मात बर्फ म्हणोन पाहिला तो सरबतात. एक व्हॅन भरून पिवळे सदरे, फलक आणि फुगे ऐसा सरंजाम घेऊन तो टेकडी चढला.

आता या शहराचा एक कदीम कायदा आहे. तो कोठे लिहिलेला नाही, आणि म्हणोनच कोणी मोडीत नाही. बर्फ पडला असता ज्याने फावड्याने रस्त्याकडेची गाडी लावावयाची जागा मोकळी केली, त्याने तेथे खुर्ची ठेवावी, आणि खुर्ची ठेविली की ती जागा त्याची. मग तो गाडी घेऊन गावभर फिरून का येईना. लोक कर चुकवतील, सिग्नल मोडतील, सख्ख्या भावाशी अबोला धरतील, परंतु दुसऱ्याच्या खुर्चीस बोट लावणार नाहीत.

रोझॅनबाईंच्या समोर चेट पावलक राहत. चेटसाहेब ट्राम चालवून निवृत्त जाहलेले, बायको वारलेली, आणि ईस्टरपूर्वीच्या उपासात, जेव्हा मांस वर्ज्य परंतु मासा चालतो, दर शुक्रवारी चर्चच्या तळघरात मासे तळण्याची सुभेदारी त्यांजकडे. सबब अवघी टेकडी त्यांच्या कढईपुढे रांगेत उभी राही. चेट "हं" म्हणाले तर टेकडी हं म्हणे. आणि चेटसाहेबांचा सनदी शाळांवर राग होता, कारण माथ्यावरील बंद पडलेल्या शाळेत त्यांची बायको आयरीन चौथीस शिकवीत असे, आणि पोरे अशा नव्या शाळांत पांगली म्हणोनच ती जुनी ओस पडली, ऐसे त्यांचे मत. कुलूप लागले त्या दिवशी तेथून एक निळी खुर्ची त्यांनी घरी आणिली, पाठीवर पांढऱ्या रंगाने चारचा आकडा घातलेली, आणि हिवाळ्यात तीच ते दारापुढल्या जागेत ठेवीत. इतकी मोलाची वस्तू बर्फात का, ऐसे पुसता म्हणत, "घरात बसून ती काय करणार? जागा राखणं हेच तिचं काम."

चेटसाहेबांनी सुनावणीस यावे म्हणोन रोझॅनबाईंनी या किल्ल्यास सबुरीने वेढा घातला होता. शनिवारी हॅमची पुडी, रविवारी दोन शब्द, आणि मग अधूनमधून त्यांच्या पायऱ्यांवर बर्फ वितळावयास मीठ टाकणे. आणि हळूहळू "मी मेलो तरी येणार नाही" येथून "बघू" येथवर मजल आली होती. तो एके गुरुवारी प्रेस्टनची स्वारी प्रातःकाळी आली. व्हॅनला जागा मिळेना. एक जागा साफसूफ मोकळी दिसली, मध्ये एक जुनाट खुर्ची. त्याने ती उचलिली, कचऱ्याच्या डब्यांपाशी ठेविली, व्हॅन उभी केली, आणि शीळ घालीत फुगे फुगवावयास बसला. रोझॅनबाई दुकानी जाण्यास बाहेर पडतात तो हा प्रकार.

"प्रेस्टन! तिथली खुर्ची कुठंय?"

"ती मोडकी निळी? बाजूला ठेवली. त्या डब्यांपाशी."

"डब्यां... अरे, आज गुरुवार!"

"मग?"

"मग काय मग! गाडी येऊन गेली की कचऱ्याची! देवा रे देवा. अरे, तुला घरी काही शिकवलं की नाही?"

"रोझॅन, खुर्चीच होती ती. मी नवी आणून देतो."

इतक्यात समोरले दार उघडले आणि चेटसाहेब सपाता घालून पायरीवर आले. त्यांनी मोकळ्या डब्यांकडे पाहिले, आपल्या जागेतल्या व्हॅनकडे पाहिले, आणि व्हॅनवर हातभर अक्षरांत "आम्ही टेकडीच्या सोबत" लिहिले होते ते वाचिले. मग आत जाऊन त्यांनी दार हलकेच लाविले; आपटले असते तर रोझॅनबाईंस बरे वाटते.

ही खबर टेकडीभर अशी पसरली की दुपारपर्यंत पिवळा सदरा अंगात घालून फिरणे मुश्किल जाहले. शुक्रवारी शाळेच्या बाजूची फौज चर्चच्या तळघरात रांगेतल्या लोकांस वळवावयास गेली, ती पार नामोहरम जाहली. ज्याच्यापुढे जावे तो छताकडे पाही. "शाळेचं राहू दे गं," एक म्हातारी रोझॅनबाईंस म्हणाली, "आधी त्या बिचाऱ्याची खुर्ची बघ. खुर्ची हलवणाऱ्यांच्या हाती पोरं द्यायची होय?" प्रेस्टनने नजराणा म्हणोन एक भारी घडीची खुर्ची आणिली होती, ती त्याने कढईपुढे उघडून दाखविली.

चेटसाहेबांनी झारा थांबविला. "हे भोक कसलं?"

"पेला ठेवायला, सर. दोन आहेत, दोन्ही बाजूंना!"

"मला तोंड एकच आहे," चेट म्हणाले आणि पुढला मासा तेलात सोडिला.

रोझॅनबाईंची पाळी आली तेव्हा त्यांस मासा मिळाला, बटाटे मिळाले, परंतु लिंबाची फोड मिळाली नाही. समजणारे काय ते समजले. बाई कोपऱ्यात बसून तो कोरडा मासा चावीत राहिल्या, आणि निम्मा तसाच ठेविला, कारण सुनावणी मंगळवारी होती आणि टेसाने त्या सकाळीही वाडग्यास हात लाविला नव्हता.

शनिवारी बाई काउंटरवर हॅम कापीत असता टेकडीच्या पाठच्या अंगास राहणारी ग्लॅडिसबाई सहज बोलून गेली, "आमच्या गल्लीत त्या योलांडानं काय गोड खुर्ची ठेवलीय बाई जागेवर. लहान मुलांची असते तशी. निळी."

यंत्र थांबले. "पाठीवर काही आहे?"

"आकडा आहे. चार. अगं, माझं हॅम!"

हॅम तेथेच राहिले. रोझॅनबाई अॅप्रनवरच कोट चढवून चेटसाहेबांच्या दारी गेल्या आणि दार बडवू लागल्या.

"आज मासे नाहीत," आतून आवाज आला.

"मासे घाला चुलीत! खुर्ची सापडलीय. बूट घाला."

मग उभयतां टेकडीला वळसा घालून पाठच्या गल्लीत दाखल जाहले. पाहतात तो जागा कडेपर्यंत कोरून साफ केलेली आणि मधोमध निळी खुर्ची, एक पाय किंचित वाकला एवढेच. चेटसाहेब पुढे जाहले, हात पुढे केला, आणि बोटे खुर्चीस लागणार तोच हात मागे घेतला.

"घ्या ना उचलून," रोझॅनबाई म्हणाल्या.

"कशी उचलू?"

"तुमचीच आहे की!"

"माझीच आहे गं. पण ठेवलीय तिनं. बघ ना, बर्फ कसा काढलाय. पार डांबर दिसेतो." मग चेटसाहेबांनी डोळे पुसले, थंडीने म्हणा हवे तर. "खुर्ची आहे, पोरी. हलवता येत नाही."

रोझॅनबाई याच शहरी जन्मल्या होत्या. सबब दोघांनी योलांडाच्या पायरीवर ठाणे दिले आणि घरधनीण कामावरून परतेपर्यंत वाट पाहण्याचा निश्चय केला. थंडी ऐसी की नाक आहे की गळून पडले ते चाचपून पाहावे. शेवटी चेटसाहेबच बोलिले.

"बंद केली त्या दिवशी पंचांपैकी एक माणूस फिरकला नाही. आयरीननं फळा पुसला, फडकं धुऊन वाळत घातलं. कुणासाठी वाळत घातलं, मला अजून कळलेलं नाही."

"मला तुमची शाळा बंद पडायला नकोच होती, चेट."

"मग आम्ही रडत होतो तेव्हा होतीस कुठं?"

"बाळंतपणात होते. टेसाच्या." आणि मग बाईंचा बांध फुटला. "पुन्हा पोट दुखतंय तिचं. रोज. डॉक्टर म्हणतात काही नाही. काही नाही कसं? घाबरलीय ती, आणि मी तिच्याहून जास्त घाबरलेय. पुन्हा ती पोट धरून बसलेली मला बघवणार नाही हो."

चेटसाहेब बुटाने बर्फ उकरीत राहिले. "आयरीनच्या वर्गात एक मुलगा होता. रोज सकाळी ओकायचा. ती त्याला फळा पुसायला लावायची. मग थांबायचं त्याचं." इतके बोलून त्यांनी खिशातून कागदात गुंडाळलेली खारी बिस्किटे काढिली, आणि अर्धी बाईंपुढे धरिली.

उन्हे कलताना योलांडा आपली गाडी घेऊन आली. ही बस-डेपोत मेकॅनिक, बाहीस ग्रीस, आवाज इंजिनावर ओरडून कमावलेला.

"ए, कोण तुम्ही? माझ्या खुर्चीपाशी काय चाललंय?"

"हात नाही लावला," चेट लगबगीने म्हणाले.

"ते दिसतंय. लावला असता तर एव्हाना बोलत नसता."

सर्व वर्तमान ऐकून ती विरघळली. तिचा भाऊ कचऱ्याच्या गाडीवर होता. ऐसी धडधाकट खुर्ची चेपावयास त्याचा जीव होईना, म्हणोन त्याने ती बहिणीस आणून दिली होती. "न्या तुमची. पण माझी जागा काय उघडी टाकू? उद्या सकाळी मी कुठं लावू गाडी, तुमच्या डोक्यावर?" तेव्हां रोझॅनबाईंनी फोनवरून हुकूम सोडिला, आणि प्रेस्टन दोन भोकांची खुर्ची खांद्यावर घेऊन टेकडी चढून धापा टाकीत हजर जाहला. मग योलांडाने एका हाताने निळी उचलिली आणि दुसऱ्या हाताने नवी ठेविली, मध्ये जागा क्षणभरही रिती राहू दिली नाही. प्रेस्टन हे आ वासून पाहत होता, आणि त्याच्या अकलेत प्रथमच काही उजेड पडला.

"पेल्याला दोन दोन भोकं! पळा आता, माझं मन फिरायच्या आत," योलांडा म्हणाली.

रविवारी चर्च सुटल्यावर चेटसाहेब पायरीवर उभे राहिले आणि "हं" म्हणाले. आणि फर्मान सुटले की मंगळवारी सर्वांनी सुनावणीस यावे, पिवळे सदरे घालू नयेत, आणि येताना ज्याने त्याने आपल्या जागेतली खुर्ची बरोबर आणावी.

मंगळवारी पुन्हा बर्फ पडला होता. पंचांच्या दरबारी नियम ऐसा की प्रत्येकास बोलावयास तीन मिनिटे, आणि तांबडा दिवा लागला की गप्प. प्रेस्टनने भिंतीवर आलेख दाखविले. अध्यक्षीणबाईंनी जांभई दिली. मग विरोधी पक्षाच्या शिक्षिका आणि पालक बोलिले की आमच्या शाळांतली पोरे अशीच कमी होत गेली तर उद्या आमच्याही दारास फळ्या लागतील. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते, आणि रोझॅनबाईंनी ते मान खाली घालून ऐकिले. आणि मग मागले दार उघडले.

ट्रॉटर टेकडी आत आली. लोखंडी खुर्च्या, बागेतल्या खुर्च्या, तीन पायांचे स्टूल, एकीची बाळाला भरवायची उंच खुर्ची, योलांडाची दोन भोकांची; सर्वांवरून बर्फ वितळून दरबाराच्या गालिचावर ठिबकत होता. अग्रभागी चेटसाहेब. त्यांनी निळी खुर्ची पंचांसमोर ठेविली आणि बसले नाहीत.

अध्यक्षीणबाईंनी चष्मा काढिला. "एवढ्या खुर्च्या कुठून आणल्यात?"

"दारातल्या आहेत."

"दारातल्या? बाहेर बर्फ पडतोय!"

"हो."

"म्हणजे आत्ता तुमच्या जागा..."

"उघड्या आहेत. सगळ्या."

नऊही पंच याच शहरचे, आणि याहून मोठी कुर्बानी मनुष्य करू शकतो हे त्यांपैकी कोणी ऐकिले नव्हते. एका पंचाने तर छातीवर क्रूसाची खूण केली. मग चेटसाहेबांनी कथन केले ते ऐसे: की सनदी शाळा मला आजही आवडत नाही, आणि तुम्ही आमची शाळा बंद केलीत हे मी मरेतो विसरणार नाही, परंतु या शहरी जो बर्फ काढील त्याची जागा. माथ्यावरल्या इमारतीपुढला बर्फ इतक्या वर्षांत तुमच्यापैकी कोणी काढिला नाही. ही बाई फावडे घेऊन उभी आहे. तिला जागा द्या. इतके बोलून जाहले तरी तांबडा दिवा लागला नव्हता, आणि उरलेला वेळ त्यांनी गप्प उभे राहून घालविला.

पाच विरुद्ध चार मतांनी सनद वाढली. रोझॅनबाई ओक्साबोक्शी रडल्या, योलांडाने शिट्टी मारिली, आणि विजयी फौज खुर्च्यांसह टेकडीवर परतली. पाहतात तो खालच्या वस्तीच्या लोकांनी निम्म्या जागा बळकाविलेल्या. सबब टेकडीकरांनी आपल्या गाड्या पायथ्याशी लाविल्या, आणि पंचांस, बर्फास व एकमेकांस शिव्या मोजीत त्या रात्री सर्वांनी पायऱ्या चढिल्या.

दुसरे दिवशी चेटसाहेबांनी निळी खुर्ची माथ्यावर नेली आणि जुन्या शाळेच्या दारापुढे, रस्त्याकडेस ठेविली. बर्फ गेला, वसंत गेला, उन्हाळा आला, खुर्ची तेथेच. सुतार आले, रंगारी आले, सर्व वळसा घालून गेले. ऑगस्टअखेर बाकांचा ट्रक आला, तो नेमके चेटसाहेब डॉक्टरकडे. ड्रायव्हर खाली उतरून खुर्ची सरकवू लागला, तोच फाटकातून एक मनुष्य हात पसरून धावत आला. तो प्रेस्टन होता.

"ए! ए! खुर्ची आहे ती! हलवता येत नाही!"

सबब ट्रक खालच्या वळणावर उभा राहिला आणि बाके टेकडीवर हातोहात चढविली. सायंकाळी चेटसाहेब परतले, खुर्ची उचलून आत घेऊन गेले, आणि सहावीच्या वर्गात खिडकीपाशी ठेवून, फळ्याचे फडके धुऊन वाळत घालून घरी आले.

येणेप्रमाणे मोहीम तडीस गेली. शाळा उघडली त्या सकाळी चिरंजीव टेसा व्राबेल हिने कॉर्नफ्लेक्सचे दोन वाडगे खाल्ले आणि तिसरा मागितला. पोट दुखले नाही. ही फत्ते येथे रुजू करून ठेविली असे.